झाकणावरचा पंजा

शाझलीनं कनावीचा उजवा हात व्हाइसच्या लोखंडी जबड्यात घातला होता आणि दांड्याचे दोन फेरे झाले होते. मी दुकानाच्या दारात पोचले तेव्हा तिसरा चालू होता.

कनावीचं दुकान म्हणजे कालव्याच्या काठावर चार वाशांवर टाकलेला पत्रा, एक जाड टेबल आणि तेल पिऊन काळी झालेली माती. टेबलाला जखडलेल्या त्या व्हाइसमध्ये तो एरवी वाकलेल्या दांड्या सरळ करायचा. आज त्यात त्याची चार बोटं होती. माझा भाऊ दांड्यावर अंग टाकून उभा होता. त्याच्या झग्याची बाही कोपरापर्यंत चढली होती.

"बोल! काय घातलंस टाकीत?"

"कायबी न्हाई, शाझली. अल्लाची आण घेतो, कायबी न्हाई."

"पानी घातलंस का काकवी?"

"आरं, त्याच दिशी सकाळी म्या टाकी गच्च भरून दिली. माझ्या घरचं पेट्रोल. मारायचं असतं तर—"

"तेच इचारतोय! कशापायी भरलीस? कुनी सांगितलं हुतं?"

"लाज वाटली म्हनून! तीनदा माझ्या हातनं गेली गाडी, तीनदा बंद पडली. मिस्त्री म्हनवतो मी सोताला."

शाझलीनं दांडा ओढला. उसाचं कांडं पायाखाली मोडावं तसा आवाज झाला. कनावी ओरडला नाही. तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही. मग तो हातावरच लोंबकळला.

मी शाझलीचं मनगट धरलं. त्यानं झटकलं तशी मी पान्यांच्या पेटीवर पडले. ओठ फुटला. रक्त हनुवटीवरून पदरावर आलं, ते बघून तो क्षणभर थांबला. तेवढ्यात मी बोलून घेतलं.

"शाझली, याला मारलंस आणि चूक याची नसली, तर बदरीचं काय होईल?"

"म्हंजी?"

"बदरीचं रक्त तसंच राहील. आणि याचं आपल्या दारात येईल. मग त्यांची माणसं कुणाला मारतील? तुला. आईनं दोन महिन्यांत दोन पोरं पुरायची का?"

बाहेरच्या बाकावर हरीदीकाका बसला होता. आमच्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडील गेल्यापासून घरातला शब्द त्याचा. मांडीवर बंदूक आडवी. त्याच्या कपाळापासून कानामागे एक खाच गेली आहे. बावीस वर्षांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून कनावीच्या बापानं घातलेल्या फावड्याची. काका ती खाच बोटानं चाचपत म्हणाला,

"मास्तरीण झालीस म्हनून आता खुनाचा निवाडा बी तूच करनार का?"

"निवाडा नाही करत, काका. गाडी उघडून बघते. अकरा दिवस ती गोठ्यात पडलीय. तुम्ही कुणाला हात लावू दिला नाही. टाकीत काय घातलं असेल ते अजून टाकीतच असेल ना?"

काकानं उन्हाकडे पाहिलं. सावली पत्र्याच्या बाहेर हातभर सरकली होती.

"मगरिबच्या बांगेपतूर, दिस बुडंपतूर," तो म्हणाला. "ह्याला बी गोठ्यातच बांधा. बांग झाली की म्या इचारनार न्हाई."

शाझलीनं दांडा उलटा फिरवला. कनावीचा हात बाहेर आला तेव्हा मधली दोन बोटं मागच्या बाजूला कलली होती.

*

बदरी माझा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांचा. मोटारसायकल त्याच्यासाठीच आणली होती. ऊसतोडणी सुरू झाली त्या आठवड्यात, पलीकडच्या गावच्या एका जुन्या मालकाकडून. गाडी वयानं बदरीपेक्षा मोठी, दोन स्ट्रोकची, पण आवाज खणखणीत. तोडणारांना फडावर भाकरी पोचवायची, कोयते धारेला न्यायचे, कालव्याच्या पंपाला तेल न्यायचं, अशी कामं होती.

आठ दिवस ती नीट चालली. मग तिला ती खोड लागली. पाच-सहा किलोमीटर छान जायची, मग धापा टाकायची, ओढ जायची आणि मरायची. दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालू. तीनदा कनावीकडे गेली. तीनदा त्यानं दुरुस्त करून दिली. दुकानात दिवसभर चालायची आणि कालव्याच्या रस्त्यावर बंद पडायची. काका तेव्हाच म्हणाला होता, "त्याच्या अंगणात चालती आन् आपल्या वाटंवर मरती. ह्यात काय समजायचं ऱ्हायलंय?"

चौथ्यांदा ती बंद पडली ती उसाच्या आगगाडीच्या रुळांवर. दोन्ही अंगांना पुरुषभर ऊस, वळण दिसत नाही. बदरी उतरून ढकलायला लागला. झग्याचा काठ साखळीत गेला होता. इंजिन सावकाश येतं, पण त्याच्यामागे उसानं भरलेले वीस डबे असतात. ते थांबत नाही. मागच्या चाकाची घडी झाली. बदरीला ज्यांनी गोळा केलं त्यांनी आईला तोंड दाखवलं, खालचं दाखवलं नाही.

दफन झालं आणि हरीदीकाका म्हणाला, "सांत्वन घ्यायचं न्हाई." एवढंच. दारात बाकं मांडली गेली नाहीत. चुलीवर कॉफी चढली नाही. लोक दारापर्यंत आले, बंद दार बघून समजले, हे घर बदला घेतल्याशिवाय सांत्वन घेणार नाही, आणि परत गेले. आई रडली नाही. रडायचं त्या दिवशी, ज्या दिवशी दार उघडेल. ती अकरा दिवस जात्यापाशी बसून होती. पाण्याशिवाय काही घेत नव्हती.

कनावी आठ दिवस सासरवाडीला लपला. मग स्वतःच परत आला आणि दुकान उघडलं. माणसानं काही केलेलं नसलं की तो अशी चूक करतो.

*

गोठ्यात कनावीला म्हशीच्या गव्हाणीशी बांधलं होतं, डावा हात मागे, उजवा मोकळा. मोकळा कशाला, तो असून नसल्यासारखा. मी घरातून जखमेवर टाकायची पेरॉक्साईडची बाटली आणली आणि त्याच्या बोटांवर ओतली. पांढरा फेस उकळून वर आला. तो दातांवर दात घट्ट दाबून छताकडे बघत राहिला. मी दोन उसाच्या चिपाडांत बोटं बसवून फडक्यानं आवळली.

"बाई," तो म्हणाला, "हात धड असता तर तुमाला पान्याला शिवू दिलं नसतं म्या."

"मग तोंडानं सांग. मी करते."

"आदी प्लग काडा. हळू. आटे खराब करू नगा, परत बशिवता यायचा न्हाई."

म्हशीनं मान वळवून आमच्याकडे बघितलं. दाराबाहेर शाझली कोयत्याला धार लावत होता. दगडावर पातं पुढे, मागे. तो आवाज एकदाही थांबला नाही.

प्लग निघाला. टोक कोरडं, पांढुरकं.

"कोरडाय," मी म्हणाले. "ओला असता तर पेट्रोल जास्त. कोरडा म्हणजे उपाशी मेली."

"आता हे तुमाला कुनी शिकवलं?"

"मुलींना दिवा कसा जळतो ते शिकवते. त्यातलंच आहे."

"मंग मला बी बसवायचं हुतं वर्गात. बोटं तरी ऱ्हायली असती."

मी टाकीखालच्या तोटीतून, कॉकातून, काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल काढलं आणि खिडकीत उन्हात ठेवलं. पाणी असतं तर तळाला वेगळं बसलं असतं. काकवी असती तर पाकासारखी खाली गेली असती. पेट्रोलमध्ये साखर विरघळत नाही. मी शंभर आकडे मोजले. बरणीचा तळ स्वच्छ होता. बोटावर घेऊन चोळलं, चिकट लागलं नाही.

"शाझली," मी हाक मारली. "ये, बघ. पाणी नाही, काकवी नाही."

तो आत आला, बरणीकडे बघितलं, मग कनावीच्या बरगडीत लाथ घातली. "मंग आनि कायतरी असंल." आणि परत धारेला गेला.

कनावीला श्वास यायला वेळ लागला. आला तेव्हा म्हणाला, "जेट बगा. कार्बोरेटरच्या पोटात, पितळंचा. बारीक भोक."

जेट काढून उजेडात धरला. भोकातून गव्हाणीवरची माशी दिसली. साफ. तरंगता गोळा हलता होता. कॉकची जाळी नवी होती, त्यानंच घातलेली. जिथं हात लावावा तिथं त्याचं काम दिसत होतं आणि काम चांगलं होतं.  सगळं ठीक असेल तर बांगेला मी काय सांगणार होते?

सावली गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत आली होती.

"नळी काडा कार्बोरेटरची," कनावी म्हणाला. "पेल्यात सोडा. धार कशी पडती बगू."

मी नळी पेल्यात धरून कॉक उघडला. जाड धार पडली. अर्धा पेला भरला आणि धार बारीक झाली. मग दोऱ्याएवढी. मग थेंब. मी मोजत होते. चाळीसपर्यंत आले आणि थेंबही थांबला.

"टाकी रिकामी?" त्यानं विचारलं.

मी टाकी हलवली. आत डचमळलं. जड होती, त्यानंच तर त्या सकाळी भरली होती.

"मंग कॉकात कचरा आडकला. काडा कॉक."

आधी आतलं पेट्रोल किती ते बघावं म्हणून मी वरचं झाकण फिरवलं. पाव फेरा फिरला असेल. "स्स्स..." असा आवाज झाला, कुणीतरी दातांमधून श्वास ओढल्यासारखा. आणि माझ्या पायाशी पेल्यात धार पडायला लागली. जाड, पहिल्यासारखी. पेला भरून वाहिला तरी माझ्या लक्षात आलं नाही.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"झाकन," कनावी म्हणाला.

"पेट्रोल जाईल तसं वरून हवा आत यायला पाहिजे. त्यासाठी झाकणाला भोक असतं. ते बुजलंय. हवा येत नाही म्हणून पेट्रोल उतरत नाही." माझा आवाज मलाच भरभर वाटला. "थांबलं की कुठून तरी थोडी हवा शिरते, मग पुन्हा चालते. तुझ्या दुकानात—"

"दुकानात झाकन काडूनच ठेवायचो! टाकीत बॅटरी मारायला. दर येळी!" तो हसायला लागला, मधेच कण्हत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "आरं, बोलवा त्याला! झाकन हुतं, झाकन! म्या बाकी समदं धुतलं आन् झाकन तेवढं—"

आणि तो थांबला.

मी झाकण उलटं-सुलटं केलं. खालच्या बाजूला भोकात काळपट खडा बसला होता. वरच्या बाजूला तपकिरी पापुद्रा, सुकून तडकलेला. त्यावर रेषा होत्या. तळहाताच्या.

"हे का नाही पुसलंस तू?" मी विचारलं.

"बाई, असं कुनी पुसतं का?" तो हळू म्हणाला. "आईचा पंजा हाय त्यो. आपसूक जाईस्तवर त्याला कुनी पानी लावत न्हाई. म्या झाकन बी फडक्यात धरून फिरवायचो, उडू ने म्हनून."

*

गाडी आणली त्या दिवशी तिच्या पुढच्या चाकाखाली मेंढा कापला होता. थाळी मी धरली होती. आईनं उजवा हात त्या रक्तात बुडवून दिव्यावर उमटवला, टाकीच्या दोन्ही अंगांना उमटवला. बदरी म्हणाला, "बास, आये, गाडी हाय का खाटकाचं दुकान?" आई म्हणाली, "गप. पेट्रोल आत जातंय तिथनंच नजर बी आत जाती." आणि तिनं सगळा तळवा झाकणावर दाबून धरला. मी बघत होते. रक्त झाकणाच्या मधल्या खळगीत साठलं होतं. उन्हात त्याची कड आधी सुकली; भोकात उतरलेलं मात्र आठवडाभर सावकाश आळत, सुकत खडा झालं असणार.

मी विज्ञान शिकवते. ते भोक मी रोज बघत होते आणि मला ते दिसलं नाही.

आणि टाकी भरलेली असली की वर हवा थोडी. मग गाडी लवकर मरते. त्या सकाळी ती गच्च होती. नाहीतर रूळ ओलांडून गेलीही असती कदाचित. हे मी कनावीला सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही.

"कुंभारीण म्हना," कनावी म्हणाला.

"काय?"

"कुंभारीण माशी. मातीचं घर बांधती. भोक दिसलं की बुजवती. तिनंच बुजवलं म्हना. म्हातारीला कशाला..." त्यानं घराकडे मान वळवली. "तिनं काय वाईटाला केलं हुतं का?"

मी झाकणावरचा पापुद्रा नखानं खरवडला. तळहाताच्या रेषा गेल्या असं वाटलं. भोकातला खडा मात्र तसाच ठेवला, त्यांना दाखवायला. त्यावर ओली माती चोपडली. मग हात धुतले आणि शाझलीला हाक मारली.

*

तिघं आले. शाझली कोयता घेऊन, काका बंदूक घेऊन, त्यांच्यामागे दाराच्या चौकटीला धरून आई. अकरा दिवसांत पहिल्यांदाच ती जात्यापासून उठली होती. कनावी तिथंच बांधलेला.

मी झाकण घट्ट लावून कॉक उघडला. धार आली, बारीक झाली, थांबली. झाकण सैल केलं. "स्स्स..." आणि धार सुरू. हे मी तीनदा केलं. तिसऱ्यांदा शाझलीनं स्वतः झाकण फिरवलं आणि स्वतः कान लावून ऐकलं.

"भोक बुजलंय," मी म्हणाले. "कुंभारीण माशीनं. गोठ्यात किती घरं आहेत तिची, बघा ना वर."

शाझलीचा कोयता थोडा खाली आला. काकाचा चेहरा बदलला नाही.

"माशी," तो म्हणाला. "ही माशी आमच्याच गाडीवर बसली. गावात इतक्या गाड्या हैत." त्यानं झाकण हातात घेतलं, मातीचा वास घेतला. "ओली हाय पोरी. अकरा दिस झाले गाडी उभी हाय आन् माती ओली?"

 खोटं बोलायची सवय नसली की ते असं उघडं पडतं.

"तू घातलीस. ह्याला वाचवायला. आन् मातीखाली काय हाय ते ह्यानं कोंबलेलं हाय. मेन असंल न्हाईतर डांबर." काकानं बंदुकीचा खटका मागे ओढला. "भोक बुजलंय ह्ये तूच दावलंस. कुनी बुजवलं, त्ये बी आता समद्यांला कळलं. बाजूला हो."

शाझलीनं कनावीचे केस धरून मान मागे ओढली. कोयता गळ्याला टेकला. कातडीवर एक बारीक लाल रेघ आली आणि तिथून एक थेंब छातीवर उतरला.

"भावा," कनावी म्हणाला, "निदान बांग तरी हू दे."

मी भिंतीला टेकून ठेवलेली पेरॉक्साईडची बाटली उचलली.

"थांब. मेण आहे का डांबर, ते आत्ता कळेल. शाझली, दुपारी याच्या बोटांवर हे ओतलं तेव्हा काय झालं, तू दारातून बघितलंस ना?"

"फेस आला."

"रक्तावर येतो." मी गव्हाणीतली चिमूटभर माती उंबऱ्यावर ठेवली आणि दोन थेंब टाकले. माती ओली झाली, एवढंच. बादलीच्या बुडाला लावलेलं डांबर खरवडून शेजारी ठेवलं. थेंब त्यावरून ओघळून गेले. मग झाकणाच्या भोकात पोती शिवायचा दाभण घालून खडा ढकलला. तो गव्हाएवढा होता. उंबऱ्यावर ठेवला आणि थेंब टाकले.

पांढरा फेस उकळून वर आला. खडा त्यात दिसेनासा झाला.

 म्हशीनं शेपटी आपटली.

"बदरीचं," शाझली म्हणाला. 

"बदरीचं रक्त मागच्या चाकावर होतं. गाडी थांबली तेव्हा बदरी जिवंत होता. भोक त्याच्या आधी बुजलं होतं, म्हणून तर थांबली." मी हे सगळं काकाकडे बघून बोलले. आईकडे बघायची माझी हिंमत नव्हती. "त्या गाडीला त्याआधी एकदाच रक्त लागलं होतं."

आईला मी सांगण्याआधीच कळलं होतं, हे मला तिच्या चालीवरून समजलं. ती आली, माझ्या हातातून झाकण घेतलं आणि आपला तळवा त्यावर ठेवला. मी सगळं खरवडलं नव्हतं. अंगठ्याच्या खालचा उंचवटा तसाच उमटलेला होता, आणि तो जिथल्या तिथं बसला.

"म्या," ती म्हणाली.

"आये—"

"ह्यो हात."

ती गव्हाणीच्या दगडी कडेपाशी गेली आणि उजवा हात उचलून तिनं तळव्याकडून दगडावर आपटला. मग पुन्हा. शाझली कोयता टाकून धावला, तिला मागून मिठी मारली, तर तिनं त्याच्या दंडाचा चावा घेतला आणि परत हात आपटला. साठ वर्षांच्या बाईत तेवढं बळ येतं कुठून मला माहीत नाही. मी मोजत नव्हते, पण मला आकडा आठवतो. पाच. पाचव्याला मनगटाजवळचं हाड गेलं, तो आवाज मी दुपारी एकदा ऐकलेला होता. मग ती शाझलीच्या हातांत मऊ झाली आणि रडायला लागली. मोठ्यानं, तोंड आकाशाकडे करून, अकरा दिवसांचं एकदम. शेजारच्या छपरांवर बायका उभ्या राहिल्या आणि तिकडून त्यांनी सूर लावला. त्याच वेळी मशिदीवरून बांग सुरू झाली.

काका बंदूक हातात धरून उभा होता. कनावीकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग गाडीकडे. शेवटी बंदूक उघडून त्यानं गोळ्या काढल्या, एकेक करून खिशात टाकल्या.

"तू बोलली नसतीस तर?" तो जाता जाता माझ्यापाशी थांबून म्हणाला. "आईवर दोष घालन्यापरास त्याच्यावर गेला असता. त्याचं काय ऱ्हायलं हुतं?"

मी बाटलीचं बूच लावलं.  

शाझलीनं खाली पडलेला कोयता उचलला आणि कनावीची दोरी कापली. दोघांपैकी कुणीच दुसऱ्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.

"वैद्याला आना," कनावी मला म्हणाला. "म्हातारीचा हात आदी बगा म्हनावं. माझा दुपारचाच हाय."

आईनं डोळे उघडले. "शाझली," ती म्हणाली. "सकाळी दारात बाकं मांड."

*

सकाळी बाकं मांडली. दार उघडलं. हरीदीकाका सगळ्यात आधी येऊन रांगेत उभा राहिला, त्याच्या शेजारी शाझली, दाढी न केलेले दोघंही. चूल पेटली आणि मी अकरा दिवसांनी मोठी किटली चढवली. कॉफीची, दुखवट्याची म्हणून बिनसाखरेची.

पहिला माणूस कोण येतो ते बघायला सगळी गल्ली छपरांवर होती. कालव्याकडून कनावी आला. एकटा. धुतलेला पांढरा झगा, उजवा हात फळकुटात बांधून गळ्यात अडकवलेला, गळ्यावर रेघ. तो काकासमोर उभा राहिला आणि सांत्वनाचे शब्द म्हणाला. काकानं मान हलवली. मग तो शाझलीसमोर आला. रांगेत हात मिळवायचा असतो, उजवा. कनावीनं झोळीतून हात बाहेर काढला आणि तसाच, फळकुटासकट, पुढे केला.

शाझलीनं तो दोन्ही हातांत घेतला. बोटांना नाही, वर मनगटाला धरलं. आणि सोडलाच नाही. मागची माणसं थांबून राहिली. मी दाराच्या फटीतून बघत होते. माझ्या भावाचे खांदे हलत होते आणि कनावी डाव्या हातानं त्याच्या पाठीवर थोपटत होता, म्हशीला थोपटावं तसं, हळू, थांबत थांबत.

आतल्या खोलीत बायकांमध्ये आई भिंतीला टेकून बसली होती. तिचाही उजवा हात कोपरापर्यंत फडक्यात होता.

"पहिलं कोन आलं?" तिनं विचारलं.

"कनावी."

"कॉफी दिलीस?"

"दिली."

"कशी घेतली?"

ती काय विचारते आहे ते मला कळायला क्षण लागला; आमच्यात डाव्या हातानं खात-पीत नाहीत.

"डाव्या हातानं," मी म्हणाले. "कुणी काही बोललं नाही."

 बायकांचा सूर खाली आला होता. मग तिनं माझ्या हातातल्या थाळीतून एक कप डाव्या हातानं उचलला. थोडी कॉफी तिच्या मांडीवर सांडली. उरलेली तिनं प्यायली.